पुराव्याचं पाणी

आमच्या घरात सीलबंद पाण्याची बाटली फोडण्याचा अधिकार फक्त पाहुण्यांना आहे. तोही सगळ्या पाहुण्यांना नाही. मावशी, आत्या, शेजारीपाजारी, ताईच्या सासरची मंडळी यांना नळाचं, पेल्यातून. सीलबंद मिळतं ते हुद्द्याच्या माणसाला. बँकेचे साहेब, डॉक्टर, एखादे प्राचार्य. असा माणूस आत आला की आई फ्रिजमधली बाटली त्याच्यासमोर ठेवते आणि झाकणाचा 'कट्' असा आवाज होईपर्यंत तिथून हलत नाही. तो आवाज ऐकला की घराण्याची अब्रू शाबूत आहे याची तिला खात्री पटते. पाहुणा गेला की बाटली विसळून, नळाचं पाणी भरून आमच्यासाठी फ्रिजच्या दारात. म्हणजे मी लहानपणापासून नामांकित कंपन्यांच्या बाटल्यांतून नळाचंच पाणी पीत आलो आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे.

सीलबंद बाटली घरात नेहमी एकच असते. ती संपली की दुसरी आणणं हे माझं काम. मला नेमून दिलेलं हे एकमेव काम आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. मी गिटारचे सहा धडे घेतले, गाणं सातव्या धड्यात होतं. मी हॉलची भिंत रंगवायला घेतली, ती खिडकीपर्यंत रंगली. बाबा मला 'अर्धा' म्हणतात. आई 'पाऊण' म्हणते. आईचं मन मोठं.

बाबा अभिलेख विभागातून निवृत्त झाले, पण विभाग काही बाबांमधून निवृत्त झाला नाही. मागची खोली त्यांनी फायलींनी भरली आहे आणि तिला कुलूप आहे. मी झोपतो हॉलमधल्या दिवाणावर. दिवसा त्याच दिवाणावर पाहुणे बसतात, त्यामुळे कोणी आलं की मला अंथरुणासकट बेघर व्हावं लागतं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी माणसाला दार लावता येईल अशी एक खोली हवी, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती. बाबांनी ती फेटाळली नव्हती. त्यांनी तिला अट घातली होती.

"एक काम हातात घे आणि शेवटपर्यंत ने. कसलंही. निकाली निघाल्याचा कागद दाखव, किल्ली घे."

तर त्या दिवशी मी दुकानातून नवी बाटली आणली आणि दिवाणावर पडून ती खिडकीच्या उजेडात धरली. अशी का धरली ते विचारू नका. रिकामा माणूस हातात येईल ती वस्तू उजेडात धरतोच. पाण्यात काहीतरी होतं.

मोहरीच्या दाण्याएवढं. काळपट. बाटली हलवली की वर यायचं, ठेवली की हळूहळू खाली बसायचं. सील शाबूत. लेबलावर निळे डोंगर, एक झरा आणि 'शुद्धतेच्या सात पायऱ्या'. ते जे काही होतं, ते सातही पायऱ्या चढून आत आलं होतं. मला त्याच्याबद्दल आदरच वाटला.

"बाबा, मी तक्रार करणार. निकाल लागेपर्यंत सोडणार नाही."

बाबांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग अर्ध्या रंगलेल्या भिंतीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. त्या 'बरं'मध्ये माझं संपूर्ण चरित्र होतं.

प्रथम दुकानदार. त्याने बाटली हातातसुद्धा घेतली नाही.

"मी बाटली विकतो, पाणी कंपनी विकते."

"पण पाणी तुमच्या बाटलीत आहे."

"तारीख बघा. पुढच्या वर्षापर्यंत चांगली आहे."

"त्यात काळं काहीतरी आहे हो."

"मग तेपण पुढच्या वर्षापर्यंत चांगलं असणार."

एवढ्या ठाम माणसाशी वाद घालता येत नाही. मी घरी आलो, तर जिन्यातच सल्लागार मंडळ भरलेलं. समोरच्या दारात राहणारे निवृत्त कंपाउंडर काका दाराच्या भिंगातून आमच्या घराची सविस्तर माहिती ठेवतात. त्यांनी बाटली डोळ्याशी नेली, जीभ बाहेर काढली (स्वतःची) आणि म्हणाले, "जिवंत आहे."

"कशावरून?"

"आपण बघतोय हे कळल्यावर थांबलं ते."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्याच्या जिवंतपणात रस नव्हता. त्या इमारतीत प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करण्याची मोहीम चालवतात. त्यांचा नियम कडक आहे. झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली धुऊन, पिरगाळून, चपटी करून गोणीत. आई आमच्या मजल्याची प्रमुख आहे आणि या पदाची तिच्यावर फार छाप आहे. चौकात एक यंत्रही बसवलंय. रिकामी बाटली आत टाकली की ते चिरडतं आणि टाळ्या वाजवतं. पण काकूंचं आणि यंत्राचं पटत नाही. काकूंना बाटली लेबलाशिवाय लागते आणि यंत्राला लेबलासकट. लेबलावरच्या रेघा वाचल्याशिवाय ते तोंड उघडत नाही.

"तक्रार नंतर कर," काकू म्हणाल्या. "आधी सांग, रिकामी कधी होणार?"

"काकू, हा पुरावा आहे."

"पुरावासुद्धा शेवटी प्लास्टिकच रे बाळा."

कार्यालयात गेल्यावर कळलं की बाटलीबंद पाणी हा एक विषय नसून तीन आहेत. पाणी पहिल्या खिडकीवर. बाटली, म्हणजे प्लास्टिक, दुसऱ्या. लेबल आणि त्यावरचं प्रमाणचिन्ह तिसऱ्या. पाण्यात जे तरंगत होतं त्याला खिडकी नव्हती. मी तिन्ही रांगांत उभा राहिलो. पहिल्या खिडकीने विचारलं, "ते पाण्यातून आलं की बाटलीतून?" मी म्हणालो, हेच मला विचारायचंय. तर म्हणे, कुठून आलं ते कळलं की या, मग कुठे जायचं ते सांगतो.

शेवटी तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंना माझी दया आली. त्यांच्या टेबलावर घरून आणलेली स्टीलची बाटली होती. शेजारच्या टेबलावरही स्टीलचीच. त्या संबंध कार्यालयात एकही सीलबंद बाटली नव्हती. मी हे बारकाईने पाहिलं आणि यातून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही असं ठरवलं.

"बाटली उघडलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही. सील आहे तसंच आहे."

"मग आत काहीतरी आहे हे कशावरून?"

"दिसतंय ना. पारदर्शक आहे."

"अर्जात 'दिसतंय' चालत नाही. उघडून खात्री करायला हवी."

"बरं, उघडतो."

"उघडलीत तर नमुना बाद."

मी बाटली एकदा सरळ, एकदा उलटी धरून पाहिली. बाईंनी तेवढ्यात एक फॉर्म काढला. रकाना नऊ होता, 'पदार्थाचे स्वरूप', आणि पर्याय तीन. केस, कीटक, इतर. मी 'इतर'वर खूण केली. बाई म्हणाल्या, इतर असेल तर वर्णन जोडा. मी लिहिलं, 'मोहरीएवढे, काळपट, स्वभावाने लाजाळू.' बाईंनी 'स्वभावाने लाजाळू' खोडलं आणि बाजूला माझी सही घेतली.

"आता लेबल लावा. मूळ."

"ते बाटलीवर आहे."

"मूळ लेबल अर्जाला लागतं. झेरॉक्स बाटलीला लावा."

मग मी त्यांच्यासमोर, नखाने, दहा मिनिटं लेबल सोललं. डोंगर फाटला, झरा वाचला. लेबल अर्जावर चिकटलं, त्याच्या झेरॉक्सवर मी लाल शाईने 'पुरावा' लिहिलं आणि ती दोऱ्याने बाटलीच्या मानेला बांधली. अर्जाला क्रमांक मिळाला. निरीक्षक घरी येऊन नमुना ताब्यात घेतील, असं सांगण्यात आलं. कधी? "येतील," बाई म्हणाल्या. या एका शब्दावर मी तीन आठवडे काढले.

या तीन आठवड्यांत बाटली माझ्या कपाटात, शर्टांच्या मागे, पडून होती. मी रोज सकाळी तिला पाहायचो. ते रोज सकाळी तळाशी असायचं. ताईने फोनवर विचारलं, "काय रे पाऊण, सोडलंस का नाही अजून?" आणि मी म्हणू शकलो, "प्रकरण चालू आहे." 'प्रकरण चालू आहे' हे वाक्य उच्चारताना छाती किती भरते, हे ज्याचं प्रकरण कधी चाललंच नाही त्याला समजणार नाही.

एवढ्या मोठ्या कामात बारीकसारीक गोष्टी राहून जातात. फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी दुसरी बाटली आणून ठेवायची, असं आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी "हो" म्हणालो होतो. माझ्या मते 'हो' म्हणणं हे त्या कामाचं तीन चतुर्थांश होतं.

एका दुपारी बेल वाजली. लिफ्ट बंद होती. दारात चार मजले चढून आलेले, कपाळावरून घाम निथळणारे, बगलेत फाईल धरलेले गृहस्थ उभे होते.

"नमुना निरीक्षक. पाण्याची तक्रार तुमचीच ना?"

मी अंथरूण गोळा केलं. साहेब दिवाणावर बसले. बाबा आपली वही घेऊन साक्षीदारासारखे खुर्चीवर बसले. दाराच्या फटीत कंपाउंडर काकांचा एक डोळा दिसू लागला. साहेबांनी फाईल उघडली, माझ्यापुढे सतरा रकान्यांचा पंचनामा ठेवला आणि पेन दिलं.

मी मान खाली घालून लिहू लागलो. तक्रारदाराचं नाव. वय. व्यवसाय. इथे थोडा वेळ गेला. दुकानाचा पत्ता. बाजूला कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला आणि आईची पावलं समाधानाने स्वयंपाकघराकडे गेली. मी लिहीत राहिलो. तो आवाज माझ्या कानाला इतका सवयीचा होता की तो मनापर्यंत गेलाच नाही.

"रकाना अकरा," साहेब दम खात म्हणाले. "नमुना सध्या कुठे आहे?"

"कपाटात." मी ऐटीत उठलो. शर्ट बाजूला केले. शर्टांच्या मागे भिंत होती.

"बाबा, बाटली कुठाय?"

"फ्रिजमध्ये ठेवली कालच," बाबा म्हणाले. "कंपाउंडर म्हणाले, नमुना थंडच ठेवायचा असतो."

"असतोच," दाराची फट म्हणाली.

"आणि तिला बांधलेला कागद?"

"फ्रिजमध्ये कागद ओला होतो. सोडवून फाईलला लावलाय मी." बाबांनी वही उघडून पानाचा क्रमांकही सांगितला.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "फ्रिजमधली? सीलबंद? ती तर आत्ता साहेबांना दिली."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या उजव्या हातात लेबल नसलेली बाटली होती. तिच्या तळाशी बोटभर पाणी उरलं होतं. चार मजले चढलेल्या माणसाला तहान फार लागते. साहेबांनी बाटली अत्यंत सावकाश उजेडात धरली. मीही वाकून पाहिलं. बोटभर पाणी स्वच्छ होतं, शुद्धतेच्या सातही पायऱ्यांवर झाडून पुसून काढल्यासारखं.

"आई, तू ती का दिलीस?"

"मला काय माहीत! तुला नवी बाटली आणायला सांगितली होती ना मी? फ्रिजमध्ये दिसली. म्हटलं, पोराने या वेळी सांगितलेलं काम केलं. वर लेबलसुद्धा आधीच काढून ठेवलंय. इतकं बरं वाटलं मला!" आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माझ्या आयुष्यात आईला माझा अभिमान वाटल्याची ही एकमेव नोंद आहे.

साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय होतं त्यात?"

"साहेब," मी म्हणालो, "तेच तुम्ही सांगणार होतात."

कंपाउंडर काका आता फट सोडून पूर्ण आत आले आणि त्यांनी न विचारता साहेबांचं मनगट धरलं. "जिवंत होतं," ते धीर देत म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आता नसेल."

साहेब उठले, पुन्हा बसले. त्यांनी रकाना नऊ वाचला. 'मोहरीएवढे, काळपट.' पुढे खोडलेले दोन शब्द त्यांनी चष्मा लावून वाचले आणि त्यांना ते आवडले नाहीत. मग वीस वर्षांच्या नोकरीने त्यांना सावरलं असावं, कारण त्यांनी फाईल मांडीवर घेतली.

"हे पाहा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नमुना नष्ट झाला असं लिहिलं तर चौकशी लागते. मग प्रकरण वर्षानुवर्षं प्रलंबित."

'प्रलंबित' ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या खोलीचं कुलूप मला भिंतीपलीकडून दिसू लागलं.

"दुसरा मार्ग?" मी विचारलं.

"तपासणी पूर्ण. प्रकरण निकाली. पण मग खाली तक्रारदाराने समाधान झाल्याची सही करायची असते."

साहेबांनी लिहिलं. मी वरून वाचत होतो. 'नमुन्याची निरीक्षकांनी प्रत्यक्ष तपासणी केली. रंग नाही. वास नाही. चव समाधानकारक. बाह्य पदार्थ आढळला नाही.' खाली एक रेघ होती, 'वरील निष्कर्ष मला मान्य असून माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.'

मी पेन हातात घेतलं. तीन आठवडे मी त्याला रोज सकाळी पाहत होतो. ते होतं. तळाशी, एका बाजूला, स्वभावाने लाजाळू. आणि आता माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण झालेलं काम असं होणार होतं, की ते नव्हतंच. माझ्या आत कुठेतरी सत्याची चाड असलेला एक माणूस राहतो. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, त्यालाही दार लावता येईल अशी खोली हवी आहे.

मी सही केली.

जाताना साहेब दारात थांबले. "हलायचं का हो ते?"

"बाटली हलवली की."

साहेब जिना अतिशय हळू, एकही धक्का न लागू देता उतरले.

पुढचे आठ दिवस त्यांचा रोज फोन यायचा. कार्यालयीन पाठपुरावा, असं ते म्हणायचे. त्याच दुकानातली बाटली आणखी कुणी घेतली होती का, ते लोक हिंडतेफिरते आहेत ना, 'इतर' म्हणजे नक्की कुणासारखं. आई त्यांना हलकं जेवा म्हणून सांगायची. नवव्या दिवशी ते स्वतः आले, निकालाची प्रत घेऊन. खरं तर ती टपालाने येते.

"बसा साहेब, पाणी आणते," आई म्हणाली.

"नळाचं आहे का?"

"अहो, सीलबंद आहे. या वेळी हा खरंच घेऊन आलाय."

"असू द्या. नळाचं द्या. पेल्यातून." आईचा चेहरा पडला. एका हुद्द्याच्या माणसाने स्वतःहून मावशीच्या रांगेत जाऊन बसावं, हे तिला पाहवेना.

बाबांनी प्रत वाचली. शिक्का पाहिला, सही पाहिली, मागची बाजूही पाहिली. "निकाली," ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. "खोटं आहे सगळं," त्यांनी शांतपणे सांगितलं, "पण पूर्ण आहे." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. फायली हॉलमध्ये येणार होत्या, दिवाणावर. पाहुण्यांचं काय करायचं ते आई बघणार होती.

साहेबांनी पाकिटातून एक चुरगळलेला कागद काढला. माझं लेबल. निकाली फायलीतल्या मूळ वस्तू तक्रारदाराला परत करायच्या असतात. फाटलेला डोंगर, शाबूत झरा.

"ती रिकामी बाटली आहे अजून?"

होती. काकू तिच्यावर लक्ष ठेवून होत्या. मी लेबल पुन्हा डिंकाने चिकटवलं आणि आम्ही दोघं चौकातल्या यंत्रापाशी गेलो. साहेबांना ती नाहीशी झालेली डोळ्यांनी पाहायची होती. मी बाटली आत सरकवली. यंत्राने रेघा वाचल्या, क्षणभर विचार केला आणि चरचर आवाज करत तिचा चुरा केला. मग टाळ्या वाजल्या. चांगल्या दहा-बारा सेकंद. मी खिशातली किल्ली घट्ट धरली आणि किंचित झुकलो. बाजूला पाहिलं तर साहेबही झुकले होते.

"पुन्हा वाजतील?" त्यांनी विचारलं.

"दुसरी बाटली लागेल."

साहेबांनी बॅग उघडली. आत एक बाटली होती. निळे डोंगर, झरा, सील शाबूत. येताना आमच्याच दुकानदाराकडून घेतलेली, कार्यालयीन कामासाठी. त्यांनी ती तशीच यंत्रात सरकवली. 'कृपया बाटली रिकामी करा,' यंत्र म्हणालं.

साहेबांनी बाटली बाहेर काढली आणि उजेडात धरली. बराच वेळ धरली. मी मुद्दामच तिकडे पाहिलं नाही. मग 'कट्' आवाज झाला आणि बाटली माझ्यासमोर आली.

"घ्या ना," ते म्हणाले. "तुम्ही तरुण आहात."

"नको साहेब," मी म्हणालो. "मी घरचाच आहे."